बडबडं कासव, पाचर उपटणारं माकड आणि वर्गातलं चुळबुळं पोर : गोष्टींतून एडीएचडी समजून घेताना

पंचतंत्रातलं कंबुग्रीव कासव आपल्याकडच्या मुलांना बहुतेक शाळेत जायच्या आधीच भेटतं. तळं आटायला लागतं, हंस काठी आणतात, कासव ती मधोमध दातांत धरतं आणि तिघं उडतात. खालचे लोक आरडाओरडा करतात, कासव बोलायला तोंड उघडतं आणि खाली येऊन मरतं. तात्पर्य ठरलेलं आहे : नको तिथे बडबड करू नये. वर्गात ही गोष्ट संपली की दोन-चार माना एखाद्या ठरावीक पोराकडे वळतातच.

पण गोष्ट जरा सावकाश वाचा. नियम कासवाला माहीत होता. हंसांनी बजावलं होतं आणि त्याने ते कबूलही केलं होतं. तोंड उघडलं तर मरण आहे, हे त्याला कळत होतं. समज होती, इच्छा होती, भीतीसुद्धा होती. आवाज कानावर पडणं आणि तोंड उघडणं या दोहोंमध्ये जो क्षणभराचा थांबा लागतो, तेवढाच त्याला जमला नाही. एडीएचडी (अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर) म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड करणारा विकार, आणि त्याचा गाभा नेमका इथे आहे. काय करायचं हे या मुलांना ठाऊक असतं, पण ठाऊक असलेलं ऐन वेळी हाती येत नाही.

म्हणूनच उपदेशाचा उपयोग फार थोडा होतो. हंसांनी आणखी दहा वेळा बजावलं असतं तरी कासव पडलंच असतं. गावावरून न जाता रानावरून उडणं, लोक उठायच्या आत निघणं, मध्ये दोनदा उतरून कासवाला मनसोक्त बोलू देणं, यांतलं काहीही केलं असतं तर ते वाचलं असतं. चूक जिथे आणि ज्या क्षणी घडते, तिथली परिस्थिती बदलायची, हे या विकाराच्या उपचारातलं पहिलं सूत्र आहे.

आत काय चाललेलं असतं

अवधान म्हणजे लक्ष. ते हवं तिथे लावणं, हवं तितका वेळ टिकवणं आणि हवं तेव्हा काढून दुसरीकडे नेणं ही तीन वेगवेगळी कामं आहेत. थांबणं, वाट पाहणं, कामांचा क्रम लावणं ही त्यांची भावंडं. या सगळ्यांत कपाळामागच्या मेंदूच्या भागाचा मोठा वाटा असतो. तिथे डोपामिन आणि नॉरॲड्रेनालिन ही रसायनं निरोप पोचवतात. एडीएचडीमध्ये ही यंत्रणा वेगळ्या पद्धतीने चालते आणि उशिरा पक्व होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी २००७ साली मेंदूची चित्रणं तपासली. मेंदूच्या बाहेरच्या थराची जाडी कमाल व्हायचं वय इतर मुलांत साधारण साडेसात वर्षं निघालं, तर एडीएचडी असलेल्या मुलांत साडेदहा. उशीर तीन वर्षांचा. बुद्धीशी याचा संबंध नाही. चौथीतलं पोर गणितात चौथीचंच असतं, पण रांगेत उभं राहण्याच्या बाबतीत पहिलीतलं असू शकतं, हे शिक्षकांच्या लक्षात आलं तर निम्मी चिडचिड कमी होईल.

कामापुरती स्मृती हाही यातलाच भाग. ती लहानशा पाटीसारखी असते : नवं लिहायला गेलं की जुनं पुसलं जातं. "दळण गिरणीवर टाक, येताना गूळ आण आणि आजीला सांग की उद्या कापूस वेचायला यायचं आहे," असं एका दमात सांगितलं की पोर गिरणीपर्यंत बरोबर जातं. तिथे पट्टा फिरताना दिसतो, गूळ पुसला जातो, आजी पुसली जाते, कधीकधी दळणाचा डबाही तिथेच राहतो. "ध्यान कथा शे तुनं?" (लक्ष कुठे आहे तुझं?) या आईच्या अहिराणीतल्या प्रश्नाला त्याच्याकडे खरंच उत्तर नसतं.

हा विकार घराण्यात चालतो. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या घरात निघतो. जगभरच्या आकडेवारीचा मेळ घातला तर शाळकरी मुलांत त्याचं प्रमाण साधारण ५ टक्के भरतं, म्हणजे ४० मुलांच्या वर्गात दोन. आईचे लाड, बापाचा धाक कमी पडणं किंवा साखर यांतून तो होत नाही. मोबाइलमुळे झोप मोडते आणि लक्षणं वाढतात हे खरं, पण विकार मोबाइलने जन्माला घातलेला नसतो.

इथे एक प्रश्न हमखास येतो : "मोबाइलवर दोन तास हलत नाही, मग लक्ष नाही असं कसं म्हणता?" खेळात दर काही सेकंदांनी बक्षीस मिळतं, चित्र बदलतं, आवाज येतो. मेंदूला जी ढोसणी लागते ती बाहेरून आयती मिळते. वहीतली आठ उदाहरणं तशी ढोसणी देत नाहीत. ती मुलाने स्वतःच्या आतून आणायची असते, आणि अडतं नेमकं तिथेच. लक्ष मुळात असतं, त्याचा लगाम हातात नसतो. त्यामुळे मोबाइलवर तासन्तास बसणं हा एडीएचडी नसल्याचा पुरावा ठरत नाही.

गोष्टींतली माणसं आणि प्राणी

गोष्टीतल्या पात्रात ही लक्षणं दिसण्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण जर्मनीतलं आहे. फ्रँकफुर्टच्या हाइनरिश होफमान या डॉक्टरांना १८४४च्या नाताळात तीन वर्षांच्या मुलासाठी मनाजोगतं पुस्तक मिळेना. त्यांनी स्वतःच चित्रं काढून गोष्टी लिहिल्या, आणि १८४५ साली त्यांचं पुस्तक निघालं. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत आलेला फिलिप जेवणाच्या टेबलावर चुळबुळ करतो, खुर्ची मागेपुढे झुलवतो. बाप रागावतो, आई बघत राहते. शेवटी खुर्ची कलंडते, फिलिप टेबलावरचं कापड धरतो आणि सगळं जेवण जमिनीवर येतं. पुढच्या एका आवृत्तीत हान्स आला. हा आकाशाकडे बघत चालतो आणि थेट नदीत पडतो. लोक त्याला बाहेर काढतात, पण वह्यांची पिशवी वाहून जाते.

या दोघांना पुष्कळदा एडीएचडीची पहिली नोंद म्हटलं जातं. ते जरा घाईचं आहे. होफमान पुढे मनोरुग्णालयाचे प्रमुख झाले हे खरं, पण या गोष्टी त्यांनी धाक घालण्यासाठी लिहिल्या होत्या, रुग्णाची टिपणं म्हणून नव्हे. वैद्यकात या प्रकारच्या मुलांचं तपशीलवार वर्णन लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२च्या व्याख्यानांत केलं. तरीही फिलिप आणि हान्स ही जोडी उपयोगाची आहे, कारण विकाराची दोन रूपं त्यांत शेजारी-शेजारी दिसतात. एकाचं शरीर थांबत नाही, दुसऱ्याचं मन जागेवर राहत नाही. पहिला सगळ्यांना दिसतो. दुसरा नदीत पडेपर्यंत कोणाला दिसत नाही.

आपल्याकडे पहिल्या रूपाला पाचर उपटणारं माकड आहे. सुतार जेवायला गेलेले, अर्धवट चिरलेला ओंडका, फटीत ठोकलेली पाचर. माकडाला त्या पाचरेशी काही देणंघेणं नाही. ती समोर आहे, हलते आहे, एवढंच निमित्त पुरतं. हात आधी पोचतो, परिणाम मागून येतो. वर्गात याचं रूप म्हणजे दुसऱ्याचा कंपास उघडणं, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर ओरडणं, पंख्याचं बटण सारखं खालीवर करणं. यात खोडी काढायचा हेतू बहुधा नसतो. "का केलंस?" असं विचारल्यावर मिळणारं "माहीत नाही" हे उत्तर म्हणूनच अनेकदा खरं असतं.

दुसऱ्या रूपाला शेखचिल्ली आहे. डोक्यावर घडा, मनात कोंबड्या, बकऱ्या, म्हशी, लग्न, पोरं, आणि मान हलली की घडा खाली. स्वप्नं बघणं हे काही लक्षण नव्हे. प्रत्येक मूल स्वप्नं बघतं आणि ती बघावीतच. डोक्यावर घडा आहे याचा विसर पडणं, हातातल्या कामाशी धागा तुटणं, हे लक्षण आहे. घडा नसताना कितीही स्वप्नं बघितली तरी बिघडत नाही.

या सगळ्यांत बारकाईने अभ्यासावी अशी व्यक्तिरेखा मात्र कॅनडातली आहे : १९०८ साली आलेल्या ‘ॲन ऑफ ग्रीन गेबल्स’ या कादंबरीतली अकरा वर्षांची अनाथ ॲन. तिच्या दोन फजित्या शेजारी ठेवल्या की लक्षण आणि अपघात यांतला फरक कळतो. पहिली अशी. उरलेल्या पुडिंगचा रस झाकून ठेव, असं तिला सांगितलेलं असतं. ती भांडं घेऊन जाते, पण मनात ती जोगीण झालेली असते, आणि झाकण राहून जातं. सकाळी रसात उंदीर मेलेला. ती उंदीर काढते, चमचा तीनदा पाण्यातून धुते आणि ठरवते की तिला सांभाळणारी मरिला आली की सांगायचं. मरिला येते तेव्हा ॲन झाडांना लाल-पिवळं करत फिरणारी परी झालेली असते. सांगायचं राहतं. पुढे पाहुणे येतात, तोच रस टेबलावर येतो आणि ॲन किंचाळते.

एकाच कामात तीन गळत्या आहेत : झाकायचं राहिलं, सांगायचं राहिलं, आणि आठवलं तेव्हा इतकं उशिरा की ओरडण्याशिवाय पर्याय नव्हता. मध्ये चमचा तीनदा धुण्याइतकी ती काळजी घेते, त्यामुळे तिला बेफिकीर म्हणता येत नाही. अवधानाची तक्रार असलेली मुलं अशीच दिसतात, आणि त्यांना आळशी म्हणणं हा अन्याय आहे.

दुसरी फजिती केकची. व्हॅनिलाऐवजी दुखण्यावर चोळायचं औषध केकमध्ये पडतं. वरवर पाहता हाही वेंधळेपणा वाटतो, पण ते औषध मरिलानेच व्हॅनिलाच्या जुन्या बाटलीत भरून ठेवलेलं होतं आणि ॲनला सर्दी झाल्यामुळे वास येत नव्हता. इथे कोणाचंही हेच झालं असतं. घरात "धांदरट" असा शिक्का एकदा बसला की दुसऱ्या प्रकारच्या चुकाही त्याच खात्यावर जमा होतात. नोंद करणाऱ्याने हा फरक सांभाळलाच पाहिजे.

ॲन मुलगी आहे, हेही महत्त्वाचं. लहान वयात निदान झालेल्यांत मुलग्यांचं प्रमाण मुलींच्या साधारण दुप्पट असतं. त्याचं एक कारण असं की मुलींमध्ये हान्सचं रूप जास्त दिसतं. ती वर्गात त्रास देत नाही, शेवटच्या बाकावर वहीच्या कडेला वेलबुट्टी काढत बसते. तिला "शांत आहे, जरा मंद आहे" असं म्हणून सोडून दिलं जातं, आणि आठवी-नववीत विषय वाढले की एकदम निकाल घसरतो. मग कुठे तरी लग्नाचं बोलणं सुरू होतं. ही मुलगी वेळेत ओळखली जावी, हे या सगळ्या लिहिण्यामागचं सर्वांत मोठं कारण आहे.

जे दिसतं तसं नसतं

आता उलट बाजू. गोकुळातल्या बाळकृष्णाच्या खोड्या आठवा. आई घराबाहेर पडायची वाट पाहायची, सवंगडी जमवायचे, शिंकं किती उंच आहे ते बघून एकावर एक उभं राहायचं, कोण खाली, कोण वर हे ठरवायचं, पकडलं गेलं तर काय सांगायचं हेही तयार. वाट पाहणं, क्रम लावणं, मोह आवरणं ही सगळी कौशल्यं त्यात आहेत. खोडकरपणा आणि एडीएचडी या दोन गोष्टी आहेत. योजना आखून खोड्या काढणाऱ्या मुलाचा लगाम शाबूत असतो.

शर्यतीतला ससाही सहसा चुकीचा पकडला जातो. तो झोपला तो फाजील आत्मविश्वासामुळे, भान सुटलं म्हणून नव्हे. फास्टर फेणे वाऱ्यासारखा पळतो, पण सुगावा लागला की शेवटपर्यंत सोडत नाही. चपळाई हे लक्षण नाही.

‘विनी द पू’मधल्या प्राण्यांना मानसिक आजारांची लेबलं लावणारा एक लेख डॉक्टरांनी कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात २००० साली लिहिला होता. तो गंमत म्हणून लिहिला होता. पात्रांच्या निदानाची खरी मर्यादा त्यात लपलेली आहे : लेखक आपल्याला पात्राचे निवडक प्रसंग दाखवतो, आणि निदान निवडक प्रसंगांवर करता येत नाही.

निदानाची चौकट काय आहे ते पाहिलं की हे स्पष्ट होईल. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०१३च्या निकषांत १८ लक्षणं आहेत : ९ अवधानाची, ९ चंचलता आणि उतावळेपणाची. कुठल्याही एका गटातली किमान ६ लक्षणं हवीत, १७ वर्षं आणि त्यापुढे ५. ती किमान ६ महिने टिकलेली हवीत, वयाच्या मानाने जास्त हवीत, त्यांतली काही १२व्या वर्षाआधी दिसलेली हवीत, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी हवीत. त्यांच्यामुळे अभ्यास, मैत्री किंवा घरातलं जगणं खरोखर अडलेलं हवं आणि दुसऱ्या कशाने त्यांचा उलगडा होत नसावा. कंबुग्रीवाचा आपल्याला एक प्रसंग माहीत आहे, माकडाचीही एकच दुपार. ॲनबद्दल बरंच कळतं, वय बसतं, घर आणि शाळा दोन्ही दिसतात, पण ती परीक्षेत पहिल्या नंबरासाठी झुंजते. "अडलेलं हवं" या अटीपाशी चांगला डॉक्टर थबकेल, हुशारीने अडचण झाकली गेली आहे का तेही विचारेल. पाचर उपटली म्हणून माकड आजारी ठरत नाही. पात्रं नजर तयार करायला घ्यावीत, निकाल द्यायला नव्हे.

खानदेशात आधी काय तपासायचं

"दुसऱ्या कशाने उलगडा होत नसावा" ही अट आपल्या भागात फार जड आहे.

पहिली गोष्ट भाषा. अक्राणी, अक्कलकुवा, शहादा, शिरपूर, चोपडा या तालुक्यांतल्या पाड्यांवर मूल घरी पावरी किंवा भिलोरी बोलतं. इतरत्र बऱ्याच घरांत अहिराणी. पहिलीत अचानक पुस्तकी मराठी कानावर येते. सूचना समजलीच नाही तर मूल खिडकीबाहेर बघणार, शेजाऱ्याकडे बघून काम करणार, मध्येच उठणार. हुबेहूब हान्स. तपासणी सोपी आहे : तीच सूचना घरच्या बोलीत द्या. मूल लगेच कामाला लागलं तर प्रश्न अवधानाचा नाही.

दुसरी, ऊसतोडणी. दिवाळीनंतर आई-बापांसोबत गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात गेलेलं मूल उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतं. मधले चार-पाच महिने अभ्यास सुटलेला. वर्ग पुढे गेलेला, त्यामुळे कंटाळा आणि चुळबुळ. गेल्या दोन वर्षांची हजेरी बघितल्याशिवाय या मुलाबद्दल काही बोलू नये.

तिसरी, शरीर. नंदुरबार आणि सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, रक्तक्षय तर सगळीकडे आहे. थकलेलं मूल बेलक्ष दिसतं. वाहणारा कान, कमी दिसणारा डोळा, टॉन्सिल-ॲडेनॉइडमुळे घोरणं आणि अर्धवट झोप, हे सगळं तपासून घ्यावं. एक गोष्ट मात्र चुकवू नये. मूल बोलता-बोलता पाच-दहा सेकंद एकटक बघत थांबतं, हाक मारून किंवा हात लावूनही भानावर येत नाही, आणि मग काही झालंच नाही असं पुढे बोलतं. असं दिवसातून अनेकदा होत असेल तर ते दिवास्वप्न नसून फिटचा एक प्रकार असू शकतो. दिवास्वप्नातलं मूल खांद्यावर हात ठेवला की दचकून परत येतं, हे मूल येत नाही. त्याला लगेच डॉक्टरकडे न्यावं.

आणि वय. एकाच वर्गात जवळजवळ वर्षभराने लहान-मोठी मुलं असतात. वर्गातल्या सर्वांत लहान मुलांवर एडीएचडीचा शिक्का जास्त बसतो, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. तुलना वर्गाशी करू नका, वयाशी करा.

गोष्ट वर्गात कशी वापरायची

कासवाची गोष्ट सांगा, पण काठी हवेत असतानाच थांबा. पडायच्या आधी. मुलांना विचारा : कासवाला आत्ता काय वाटत असेल? हंसांनी काय केलं तर ते वाचेल? मुलं भन्नाट उपाय देतात, कोणी तोंडाला रुमाल बांधतो, कोणी रात्री उडवतो. मग विचारा, तुमचं तोंड असं कधी उघडतं? हात कधी आधी जातो? पंधरा मिनिटं पुरतात. चुळबुळ करणारं पोर या चर्चेत बहुधा सर्वांत पुढे असतं, आणि त्याला कशाची मदत होते हे ते स्वतःच सांगून जातं. ते टिपून ठेवावं.

इथे एक पथ्य कडक आहे. गोष्टीतल्या पात्राचं नाव कुठल्याही मुलाला चिकटू द्यायचं नाही. सुट्टीत एखाद्याला "ए माकड" अशी हाक ऐकू आली तर तो प्रयोग फसला असं समजून त्या वर्गात थांबवायचा. उघड तुलना करणारा शिक्षक हे नुकसान एका वाक्यात करू शकतो.

संशय आला की दोन आठवडे नोंद ठेवा, शाळेत आणि घरी वेगवेगळी. "लक्ष देत नाही" ही नोंद कामाची नाही. अशी हवी : "मंगळवार, ११.१०, गणित. फळ्यावरची आठ उदाहरणं उतरवायची. तीन नीट. बाहेरून ट्रॅक्टर गेला, उठला. जागेवर यायला चार मिनिटं. चौथं अर्धं सोडून पाचवं लिहिलं. बाकावर टकटक केल्यावर लगेच सुरू." यातून वेळ, निमित्त, किती काळ आणि कशाने मदत झाली, हे चारही कळतं.

निदानाची वाट न बघता वर्गात काही बदल करता येतात, त्यांचा तोटा कुणालाच नाही. पुढचा बाक, दार-खिडकीपासून दूर, शांत मुलाशेजारी. सूचना एका वेळी एक, जवळ जाऊन, आणि मुलाकडून ती पुन्हा म्हणवून घ्यायची. वर्गाच्या दुसऱ्या टोकाहून मारलेली हाक त्याच्यापर्यंत सूचना म्हणून पोचत नाही, आवाज म्हणून पोचते. दहा उदाहरणं असतील तर तीन, तीन आणि चार अशी तोडायची, प्रत्येक तुकड्यानंतर वही दाखवायला उठू द्यायचं. उठण्याची गरज आहेच, तर तिला काम द्या : खडू आणणं, वह्या वाटणं, फळा पुसणं. एक शिक्षक आणि दोन इयत्ता अशा शाळेत अडचण येते ती शिक्षक दुसऱ्या इयत्तेकडे वळल्यावर. त्या वीस मिनिटांसाठी या मुलाला दहा-दहा मिनिटांची दोन वेगळी कामं आधीच देऊन ठेवावीत.

बक्षीस लहान आणि लगेच हवं. "पहिला आलास तर दिवाळीत सायकल" याचा परिणाम शून्य, कारण या मेंदूला दिवाळी दिसतच नाही. तुकडा पूर्ण झाला की वहीवर खूण, पाच खुणांना संध्याकाळी अंगणात अर्धा तास जास्त खेळ, असं चालतं. नियम तीनच ठेवा. दोन-तीन आठवड्यांनी बक्षिसाचं नावीन्य संपतं आणि "आता उपयोग होत नाही" म्हणून लोक सगळंच सोडून देतात. पद्धत तीच ठेवून फक्त बक्षीस बदलायचं. आणि शिक्षा म्हणून खेळाचा तास किंवा मधली सुट्टी कधीही काढून घेऊ नका. हालचाल अडवली की पुढचा तास आणखी बिघडतो.

पुढची वाट

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक सरकारी शाळांत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येतं. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या ज्या अडचणी ते तपासतं त्यांत एडीएचडी आहे, हे बऱ्याच शाळांना माहीतच नसतं. पथक आलं की नोंदवही त्यांच्या हाती द्या. तिथून जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे चिठ्ठी मिळू शकते. धुळे आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार किंवा बालरोग विभागात दाखवता येतं. आधी कोणाशी बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

रक्ताची तपासणी किंवा स्कॅन करून एडीएचडी ठरत नाही. तसं कोणी सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावं. डॉक्टर पालक आणि शिक्षक दोघांकडून प्रश्नावली भरून घेतात, मुलाशी बोलतात, वाचन-लेखनाची अडचण वेगळी आहे का ते बघतात, कारण ती दोन्ही पुष्कळदा एकत्र येतात. जाताना या आणि मागच्या वर्षीच्या वह्या, प्रगतिपुस्तकं आणि शिक्षकांची लेखी टिपणी न्यावी. एकटी आई तोंडी सांगत असली तर "घरी त्रास देतो" एवढंच पुढे जातं.

सहा वर्षांखालच्या मुलांत पहिला उपचार औषध नसून आई-वडिलांना दिलेलं वर्तन-प्रशिक्षण असतं. त्यापुढच्या वयात गरजेप्रमाणे मिथाइलफेनिडेट किंवा ॲटोमॉक्सेटिन दिलं जातं. मिथाइलफेनिडेटवर कायद्याचं नियंत्रण आहे, ते डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. त्याची साधी गोळी साधारण चार तास काम करते. ॲटोमॉक्सेटिनचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात, आणि आठच दिवसांत "गुण नाही" म्हणून ते बंद करणं ही नेहमीची चूक आहे. मिथाइलफेनिडेटने भूक मरते, म्हणून गोळीच्या आधी पोटभर न्याहारी आणि संध्याकाळी परिणाम उतरल्यावर भाकरी-भाजीचं व्यवस्थित जेवण द्यावं. वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब ठरावीक काळाने मोजला गेलाच पाहिजे. घराण्यात कोणाला तरुणपणी हृदयविकार झाला असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगावं.

औषध सुरू झालं तरी शाळेतली नोंद त्याच पद्धतीने चालू ठेवा, फक्त गोळी किती वाजता घेतली ते वर लिहा. ११.१०चं गणित आता कसं गेलं, दुपारी दोननंतर काय झालं, मूल गप्प-गप्प तर झालं नाही ना, हे त्या पानांवरून दिसतं. मात्रा बरोबर आहे की बदलायची, हे पुढच्या भेटीत डॉक्टर ठरवतात तेव्हा सर्वांत जास्त आधार याच पानांचा असतो.